जॉयराइडला घाई कसली?

नट आधी नुसत्या बोटांनी फिरवून पाहायचा असतो. तो विनासायास शेवटपर्यंत गेला, तर त्याची पकड संपली असं समजायचं, तो फेकून द्यायचा आणि नवा घ्यायचा. नट आवळून झाला की बोल्टच्या भोकातून एक बारीक पिन सरकवायची आणि तिची दोन टोकं दुमडायची. पुढे हादऱ्यांनी नट सैल झाला, तरी ती पिन त्याला निसटू देत नाही. हेलिकॉप्टरवर काम करणाऱ्या कुठल्याही मेकॅनिकला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

६ डिसेंबर २०११ रोजी अमेरिकेत लास वेगासच्या एका सहल कंपनीच्या हेलिकॉप्टरची ठरावीक तासांनंतरची तपासणी झाली. मुख्य पंख्याच्या पात्यांचा कल बदलणारा एक भाग त्या वेळी बदलण्यात आला. जुना नट पुन्हा वापरला गेला. पिन एक तर नीट बसवली गेली नाही किंवा बसवलीच गेली नाही. दुसऱ्या दिवशी, ७ डिसेंबरला संध्याकाळी, हूवर धरण पाहायला निघालेलं ते हेलिकॉप्टर हवेत अचानक वर उसळलं, वळलं आणि डोंगरात कोसळलं. पायलट आणि चार प्रवासी, पाचही जण गेले. नट निघाला होता, त्याने जोडून ठेवलेला पंख्याकडचा दांडा सुटला होता, आणि त्यानंतर पायलटच्या हातातल्या दांड्याचा पंख्याशी काही संबंधच उरला नव्हता. जगातला सर्वांत निष्णात पायलट तिथे बसला असता, तरी त्याला काही करता आलं नसतं.

आता या अपघाताचं कारण काय म्हणायचं? नट? पिन? मेकॅनिक? एनटीएसबी या अमेरिकी तपास यंत्रणेने अहवालात हे सगळं नोंदवलं, पण ती तिथे थांबली नाही. मेकॅनिक नेहमी दुपारी कामावर येणारा होता, त्या दिवशी त्याला पहाटे बोलावून घेतलं होतं. झोपेची वेळ बदलायला शरीराला सवड मिळाली नव्हती. त्याचं काम तपासणाराही तसाच थकलेला होता. आणि कामाची कृतिपत्रिका अशी नव्हती, की ‘पिन बसवली’ यापुढे वेगळी खूण केल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये.

मला या अहवालातलं हे शेवटचं पान सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. जॉयराइडचं, म्हणजे पर्यटकांना निव्वळ मौजेखातर फिरवून आणणारं, हेलिकॉप्टर पडलं की आपण ‘काय तुटलं?’ असं विचारतो. तो प्रश्न हवाच. पण त्याहून अवघड प्रश्न असा, की ते हेलिकॉप्टर त्या दिवशी जमिनीवर का थांबू शकलं नाही?

हेलिकॉप्टर जखमींना आणायला दरीत उतरतं, पुरात अडकलेल्यांना छतावरून उचलतं, समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं पोचवतं. या कामांत धोका पत्करण्यामागे काही तरी निकड असते. थांबलो तर कुणी तरी मरेल, असा हिशेब समोर असतो. जॉयराइडला अशी कुठलीच निकड नाही. ती रद्द झाली तर कुणाचं काही अडत नाही. धबधबा उद्याही तिथेच असतो, पुतळाही तिथेच असतो. म्हणजे सगळ्या उड्डाणांमध्ये हेच एक उड्डाण असं, जे कुठल्याही क्षणी, कुठल्याही शंकेवरून रद्द करता येतं. आणि तरीही ते रद्द होत नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे, की अशा अपघाताच्या तपासात तुटलेल्या भागाइतकंच लक्ष ‘थांबा’ म्हणण्याची सोय कुठे आणि कुणी मोडून ठेवली, याकडे दिलं पाहिजे.

यंत्राबद्दलचा एक गैरसमज आधी दूर करतो. इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं खाली येतं, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. पायलटने पात्यांचा कोन चटकन कमी केला, तर खालून वर येणारी हवाच पंखा फिरता ठेवते. यालाच ऑटोरोटेशन म्हणतात. जमिनीजवळ आल्यावर पंख्यात साठलेल्या त्या वेगाचा उपयोग करून हेलिकॉप्टर अलगद टेकवता येतं, आणि प्रत्येक पायलटला याचा सराव असतो. पण त्याला दोनपैकी एक गोष्ट तरी लागते: उंची, नाही तर पुढे जाण्याचा वेग. दोन्ही कमी असतील, तर सराव कितीही असो, वेळ पुरत नाही. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या माहितीपुस्तिकेत याचा आलेख दिलेला असतो. कोणत्या उंचीवर किती वेगाखाली जायचं नाही, ते त्यात आखलेलं असतं. पायलट लोक त्या रेघेला मृत्यूची रेघ म्हणतात.

आता जॉयराइड कशी असते ते डोळ्यांसमोर आणा. प्रेक्षणीय जागेपाशी वेग कमी करायचा, जमलं तर तिथेच तरंगत राहायचं, कड्याला लागून जायचं, फोटो चांगला यावा म्हणून खाली यायचं. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. दिवसातून अनेकदा चढ-उतार. पुष्कळ ठिकाणी तर प्रवासी बदलताना इंजिन बंदही करत नाहीत. पंखा फिरतच असतो, एक कुटुंब उतरतं, दुसरं वाकून चढतं. या प्रत्येक गोष्टीला परवानगी असू शकते, प्रत्येक गोष्ट वेगवेगळी पाहिली तर सांभाळण्याजोगी असू शकते. पण सगळ्या मिळून पायलटच्या हातातली सवड खात जातात. उष्ण आणि उंच जागी हवा विरळ असते, त्याच पंख्याला तेवढंच वजन उचलायला जास्त जोर लावावा लागतो. पाठीमागून वारा आला, तर शेपटीचा छोटा पंखा कमी पडतो आणि हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरायला लागतं. उंचावर असताना यातून बाहेर येता येतं. कड्याशेजारी, उतरण्याच्या बेतात असताना नाही.

ग्रँड कॅन्यनमध्ये १० फेब्रुवारी २०१८ रोजी जवळपास असंच झालं. दरीत उतरताना मागचा वारा, खाली दाबणारा झोत आणि खळबळती हवा यांत हेलिकॉप्टर हाताबाहेर गेलं. आत सात जण होते. त्यांतले तिघे जागीच गेले, आणखी दोघे नंतर रुग्णालयात. पण इथे एक फरक करायला हवा. हेलिकॉप्टर पडण्याचं कारण वारा होता. माणसं दगावण्याचं मोठं कारण आग होती. इंधनाची टाकी आपटल्यावर फुटू नये अशी बनवता येते, ही काही नवी विद्या नाही. अमेरिकेने १९९४ मध्येच नव्या आराखड्याच्या हेलिकॉप्टरांना तशी टाकी सक्तीची केली होती. मात्र जुन्या आराखड्याची हेलिकॉप्टरं तशीच बनत राहिली, विकली जात राहिली आणि त्यांत माणसं बसत राहिली. नव्याने बनणाऱ्या प्रत्येक हेलिकॉप्टरला ती अट लागायला २०२० साल उजाडलं. म्हणजे मधली २६ वर्षं. नंतर २०२४ मध्ये त्या अपघातातल्या एका मृताच्या कुटुंबासाठी १० कोटी डॉलरच्या भरपाईवर तडजोड झाली. टाकी बदलायला त्याच्या किती अंश खर्च आला असता, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

हवामानाचं तर विचारूच नका. हवाई बेटांपैकी कावाई बेटावर २६ डिसेंबर २०१९ रोजी सात जणांना घेऊन निघालेलं हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि डोंगराला धडकलं. नजरेने पाहून उडवायचं उड्डाण ढगात शिरलं, की माणसाच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा त्यालाच फसवते. वळत असताना सरळ चाललोय असं वाटतं, खाली जात असताना वर जातोय असं वाटतं. पायलटने खराब हवेत पुढे जायचं ठरवलं हे मुख्य कारण म्हणून नोंदवलं गेलं. मला ‘पायलटची चूक’ हे दोन शब्द नेहमीच अपुरे वाटतात. त्याच अहवालाने असंही म्हटलं, की त्या बेटांवर हवामान दाखवणारे कॅमेरे बसवण्याचं काम विमान वाहतूक प्रशासनाकडून रखडलं होतं. अलास्कात असे कॅमेरे वर्षानुवर्षं वापरात आहेत. निघण्यापूर्वी पुढच्या खिंडीत ढग किती खाली आलेत, हे पायलटला पडद्यावर दिसतं. दिसलं असतं, तर ‘आज नको’ म्हणायला त्याच्या हातात काही तरी पुरावा असता. नुसत्या अंदाजावर सहल रद्द करणं फार कठीण जातं, कारण मागे सहा माणसं वर्षभर पैसे साठवून आलेली असतात आणि संध्याकाळी मालकालाही उत्तर द्यायचं असतं.

न्यूझीलंडमध्ये फॉक्स हिमनदीवर २१ नोव्हेंबर २०१५ रोजी सात जण गेले, तिथेही हेच. बर्फावर उतरण्याच्या सहलीजोगी त्या दिवशी हवा नव्हती, असं तिथल्या तपास आयोगाने म्हटलं. पांढऱ्या ढगाखाली पांढरा बर्फ असला की जमीन किती खाली आहे ते डोळ्याला कळत नाही.

न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमधला अपघात माझ्या डोक्यात सर्वांत खोल रुतून बसला आहे. ११ मार्च २०१८. दरवाजे काढून टाकलेलं हेलिकॉप्टर, पाय बाहेर सोडून बसलेले प्रवासी, खाली रोषणाईने उजळलेलं शहर. कुणी बाहेर पडू नये म्हणून प्रत्येकाच्या अंगावर पट्ट्यांचा साज आणि पाठीला जोडलेली दोरी. पुढे बसलेल्या प्रवाशाची दोरी जमिनीलगतच्या एका दांड्यात अडकली. तो दांडा इंजिनाला जाणारं इंधन तोडण्याचा. प्रवासी सरकला, दोरी ताणली गेली, दांडा वर उचलला गेला, इंजिन थांबलं. पायलटने ऑटोरोटेशन करत हेलिकॉप्टर नदीकडे वळवलं. खाली येताना त्याला दांड्याखाली दोरी दिसली, त्याने तो परत खाली दाबलाही. इंजिन पुन्हा जोर धरू लागलं होतं, पण तोवर पाणी आलं. पाण्यावर तरंगण्यासाठीचे फुगे पुरते फुगले नाहीत आणि हेलिकॉप्टर उलटलं. पायलट सुटला. पाच प्रवासी पाण्याखाली त्या पट्ट्यांत अडकून बुडाले. दोरीची कडी पाठीमागे होती, स्वतःचा हात तिथे पोचत नव्हता. दोरी कापायला प्रत्येकाला एक छोटं हत्यार दिलेलं होतं. अंधारात, गोठवणाऱ्या पाण्यात, उलटं लटकलेल्या माणसाने ते शोधून पाठीमागची दोरी कापावी, अशी अपेक्षा होती.

इथे तुटलं काय? काहीच नाही. इंजिन ठणठणीत होतं. दांडा जे काम करायला बनवला होता तेच त्याने केलं. त्या पट्ट्यांबद्दलची काळजी पायलटांनी आधीच कंपनीत बोलून दाखवली होती. ती ऐकली गेली नाही. शिवाय या सहली ‘हवाई छायाचित्रण’ या नावाखाली चालत होत्या, कारण छायाचित्रणाच्या उड्डाणांना प्रवासी सहलींइतके कडक नियम लागत नाहीत. हातात फोन असलेला प्रत्येक पर्यटक छायाचित्रकार ठरला. ज्या कागदावर हे वर्गीकरण झालं, तो कागदही माझ्या दृष्टीने त्या अपघाताच्या कारणांपैकी एक आहे.

ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला २ जानेवारी २०२३ रोजी एकाच कंपनीची दोन हेलिकॉप्टरं एकमेकांवर आदळली. एक उतरत होतं, दुसरं निघत होतं. चार जण गेले. एका हेलिकॉप्टरच्या रेडिओच्या अँटेनात बिघाड होता, त्यामुळे निघतानाची किंवा उतरतानाची सूचना दुसऱ्यापर्यंत पोचायची ती पोचली नसावी, असं तपासात निघालं. उतरणाऱ्या हेलिकॉप्टरमधल्या प्रवाशाला समोरून येणारं दिसलं, त्याने पायलटला सावध करायचा प्रयत्न केला. काही मिनिटांची सहल, आणि दोन यंत्रांमधला शेवटचा भरवसा पाहुणा म्हणून बसलेल्या माणसाच्या नजरेवर येऊन ठेपला होता.

मग १० एप्रिल २०२५. न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर बेल २०६ जातीचं हेलिकॉप्टर हवेतच तीन तुकड्यांत फुटलं: मुख्य सांगाडा, शेपूट, आणि गिअरबॉक्ससकट मुख्य पंखा. पायलट आणि स्पेनहून आलेलं पाच जणांचं कुटुंब, त्यात तीन मुलं. हेलिकॉप्टरचं त्या दिवसातलं ते आठवं उड्डाण होतं. काही तासांत चित्रफिती जगभर पोचल्या, आणि रात्रीपर्यंत कारणंही. कुणी म्हणालं गिअरबॉक्स जाम झाला, कुणी म्हणालं शेपूट आधी तुटली, कुणी म्हणालं पातं शेपटीवर आपटलं. यांतली प्रत्येक शक्यता यंत्राच्या दृष्टीने खरी असू शकते. दोन पात्यांच्या झुलत्या पंख्याच्या हेलिकॉप्टरमध्ये पायलटने हातातला दांडा झटक्याने पुढे ढकलला आणि क्षणभर वजन हलकं झालं, तर पंख्याचा मधला भाग खालच्या खांबावर आदळू शकतो आणि पातं शेपूट छाटू शकतं. गिअरबॉक्सने अचानक फिरणं थांबवलं, तर त्या झटक्यानेही सगळं उखडू शकतं. धातूत महिनोन् महिने वाढत गेलेली चीरही हे करू शकते. तुटलेल्या पृष्ठभागावर सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या वळ्या दिसतात, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा. पण चित्रफितीत दिसतो तो परिणाम. आधी काय सुटलं आणि त्यामुळे नंतर काय सुटलं, हा क्रम लांबून घेतलेल्या काही सेकंदांच्या चित्रणातून वाचता येत नाही.

हा क्रम सांगू शकणारी वस्तू त्या हेलिकॉप्टरमध्ये नव्हती. आवाज, वेग, इंजिनाचे फेरे, पायलटच्या हातांच्या हालचाली टिपणारी कुठलीही नोंदपेटी आत बसवलेली नव्हती, कारण तशी सक्तीच नव्हती. मोठ्या प्रवासी विमानांत हे उपकरण कित्येक दशकं आहे. हेलिकॉप्टरसाठी हलकी नोंदयंत्रं आज सहज मिळतात. एनटीएसबी ती बसवण्याची शिफारस वर्षानुवर्षं करते आहे. तरी पाणबुड्यांनी नदीच्या तळातून पंखा आणि शेपटीचे भाग काढायचे, प्रयोगशाळेत मांडायचे आणि लोखंडाकडून बोलून घ्यायचं, हीच पद्धत चालू आहे.

माझ्या या म्हणण्यावर नेहमीचे आक्षेप मला माहीत आहेत. त्यांतला एक असा, की रस्त्यावर रोज याहून कितीतरी जास्त माणसं मरतात. खरं आहे. पण रस्त्याने माणूस कामाला, दवाखान्यात, घरी जातो. तिथला धोका पत्करण्याखेरीज त्याच्यापुढे पर्याय नसतो. इथे धोका विकत दिला जातो, आणि विकणाऱ्याने तो किती आहे हे सांगितलेलं नसतं. दुसरा आक्षेप छोट्या कंपन्यांचा: एवढे नियम लावले तर धंदा बंद पडेल. याकडे मी हलकेपणाने पाहत नाही. त्या धंद्यावर पायलट, मेकॅनिक, तिकीट देणाऱ्या मुली, सगळ्यांचं पोट आहे. पण नवी पिन, न फुटणारी टाकी आणि एक नोंदयंत्र यांचा खर्च धरला की जो धंदा तोट्यात जातो, तो आज नफ्यात आहे तो प्रवाशांच्या सुरक्षिततेतून काढून घेतलेल्या पैशांवर.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: प्रवासी आपणहून बसतात, त्यांनी कागदावर सही केलेली असते. बसतात, हे खरं. पण बसताना त्यांना दिसतं काय? चकचकीत रंग, गणवेशातला हसतमुख पायलट, सुरक्षेची दोन मिनिटांची चित्रफीत. नट बोटांनी फिरतो की नाही हे त्यांना दिसत नाही. मेकॅनिक रात्री किती तास झोपला हे दिसत नाही. हे उड्डाण प्रवासी सहल म्हणून नोंदवलंय की छायाचित्रण म्हणून, हेही दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीला कुणी संमती देऊ शकत नाही. मुलांनी तर कसलीच संमती दिलेली नसते.

अमेरिकेत आजही निघाल्या जागी परतणाऱ्या आणि २५ मैलांच्या आत राहणाऱ्या पुष्कळ सहलींना भाड्याच्या प्रवासी उड्डाणांपेक्षा सौम्य नियमांखाली उडता येतं. या अंतरामागचा तर्क मला कधीच पटलेला नाही. निसटलेल्या नटाला मैल मोजता येत नाहीत. २०२४ मध्ये सहल कंपन्यांनाही स्वतःची सुरक्षा व्यवस्थापन पद्धत उभारण्याची अट घालण्यात आली, आणि त्यासाठी मे २०२७ पर्यंत मुदत देण्यात आली. अट चांगली आहे. मुदत मात्र मला लांब वाटते, कारण मधल्या काळातही रोज सकाळी पंखे फिरायला लागतातच.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अपघाताचा तपास दोष ठरवण्यासाठी नसतो, पुढचा अपघात टाळण्यासाठी असतो. मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे. मेकॅनिकला तुरुंगात टाकून त्या नटाचं काही होणार नाही. उलट पुढचा मेकॅनिक आपली चूक लपवेल. मला हवं आहे ते वेगळं. पहाटे बोलावलेल्या थकलेल्या मेकॅनिकने ‘आज हे काम माझ्याकडून नीट होणार नाही’ असं म्हटलं, तर त्याचा पगार कापला जाऊ नये. पट्ट्यांबद्दल तक्रार करणाऱ्या पायलटची चिठ्ठी मालकाच्या टेबलावर न थांबता थेट नियामकाकडे जावी, आणि उत्तर येईपर्यंत तसल्या सहली बंद राहाव्यात. ढग खाली आले म्हणून सहल रद्द झाली, तर पैसे परत मिळतील हे तिकिटावरच छापलेलं असावं, म्हणजे पायलटला मागे वळून सहा नाराज चेहऱ्यांशी वाद घालावा लागणार नाही. आणि पैसे घेऊन माणसं वर नेणाऱ्या प्रत्येक हेलिकॉप्टरमध्ये नोंदयंत्र असावं. जुना आराखडा, छोटी कंपनी, दहाच मिनिटांची सहल, यांतली कुठलीही सवलत त्याला नसावी. ज्यात ते नाही, त्या हेलिकॉप्टरने जमिनीवरच उभं राहावं.